कपाट दोन फूट खोल का असतं?

सुताराला कपाट करायला सांगितलं की तो रुंदी विचारतो, उंची विचारतो, सनमायका कोणता ते विचारतो. आत किती खोल, हे मात्र विचारत नाही. ते दोन फूटच धरायचं, हे त्याला ठाऊक असतं. बीडच्या सुभाष रोडवर चौकशी करा नाहीतर परदेशातल्या एखाद्या मोठ्या दुकानात, आकडा दोन-चार इंचांपलीकडे हलत नाही. जगभरच्या सुतारांनी एकच माप धरलं, कारण ते माप माणसाच्या खांद्यांवरून आलेलं आहे. हँगर सतरा-अठरा इंचांचा असतो. त्यावर सदरा अडकवला की बाह्या दोन्ही बाजूंनी थोड्या फुगतात, वर दाराला न घासण्यापुरती मोकळी जागा लागते. झाले बावीस ते चोवीस इंच. आपण घरात रिकाम्या खांद्यांची एक अख्खी रांग ठेवतो आणि तिच्यासाठी जमीन देतो.

ती जमीन किती, हे पाहुण्यांच्या छोट्या खोलीत लगेच कळतं. दहा बाय दहाची खोली म्हणजे शंभर चौरस फूट. चार फूट रुंद, दोन फूट खोल कपाटाने आठ चौरस फूट घेतले. दारं उघडायला समोर तेवढीच जागा मोकळी हवी, म्हणजे सोळा. त्यात दिवाण आला, की पाहुण्याने बॅग कुठे उघडायची हा प्रश्न उरतोच.

आता नऊवारी लुगडं घ्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. पण त्याला खांदा नाही, बाही नाही, गळा नाही. घडी घातली की फूटभर रुंदीचा एक सपाट चौकोन हातात येतो. धोतर, उपरणं, फेटा, चादर, सतरंजी यांचंही तसंच. न शिवलेल्या कापडाला स्वतःचा आकार नसतो, म्हणून ते मिळेल त्या जागेचा आकार घेतं. त्याला दोन फूट खोल कपाट लागतच नाही, एक फूट पुरतं. जुन्या लोकांची घरं पाहिली की हे त्यांनी किती नेमकं हेरलं होतं ते दिसतं.

बीड जिल्ह्यात धारूर, अंबाजोगाईच्या जुन्या गल्ल्यांत किंवा बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावांत अजूनही माळवदाची घरं उभी आहेत. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे ओझं पेलायचं आणि चाळिशीपार जाणारं ऊनही बाहेर थोपवायचं, म्हणून दगडमातीच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाड. एवढी जाड भिंत नुसती उभी ठेवणं कुणालाच परवडलं नसतं. तिच्या पोटात देवळ्या आल्या, कोनाडे आले, दारं लावलेली फडताळं आली. काही घरांत तर धान्याचं बळदही भिंतीतच. फडताळात लुगड्यांची चळत राहायची आणि जमिनीचा एक इंचही जायचा नाही. आजची भिंत चार ते नऊ इंचांची. भिंत बारीक झाली तेव्हा खोली मोठी झाली असं आपल्याला वाटलं, पण भिंतीत होतं ते सगळं सामान जमिनीवर आलं.

त्याच भिंतीतली खुंटी जवळून पाहण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं कापड घासून तिचं डोकं गुळगुळीत झालेलं असतं आणि चांगल्या खुंटीचं टोक किंचित वर उचललेलं असतं. त्यामुळे अडकवलेलं कापड टोकाकडे न जाता भिंतीकडे सरकतं. ओझं भिंतीपासून जितकं दूर, तितका खुंटीच्या मुळावर ताण जास्त. अंतर निम्मं झालं की ताणही निम्मा होतो. यंत्रशास्त्राचा हा नियम गावच्या सुताराने सूत्र न मांडता लाकडात उतरवला. पाहुण्याच्या खोलीत तर खुंटीसारखी सोय नाही. दोन दिवसांसाठी आलेला माणूस कपाटात कपडे लावत बसत नाही. अंगातून काढलेला सदरा टांगायला आणि पिशवी अडकवायला त्याला एक जागा हवी असते, एवढंच. एकाच टोकावर फार दिवस टांगलं तर कापडाला तिथे पोक येतो, पण पाहुणा तितका राहत नाही.

मग त्या खोलीतलं कपाट भरतं कशाने? घरच्याच सामानाने, त्यातही अंथरुणा-पांघरुणाने. इथे एक हिशोब मला दरवेळी थक्क करतो. कापसाच्या तंतूची घनता पाण्याच्या साधारण दीडपट आहे. म्हणजे सहा किलो कापूस भरलेल्या गादीत प्रत्यक्ष तंतूचं आकारमान फक्त चार लिटर, एका छोट्या कळशीत मावेल एवढं! बाकीची सगळी गादी म्हणजे अडकलेली हवा. रजईत ऊब देते तीही हीच हवा. हवा काढून घेणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रजई पापडासारखी बसते ती यामुळेच. गोधडीची गोष्ट याहून सुंदर आहे. जुनी लुगडी एकावर एक अंथरून बारीक टाके घातले की हवा कमी राहते आणि घडी चापून बसते. गोधडी हा जुन्या कपड्यांचा साठाच आहे, फक्त तो कपाटात न ठेवता अंगाखाली अंथरलेला.

कपड्यांत हवा असते तसं पाणीही असतं. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या आसपास असली, की वाळलेलं म्हणून घडी केलेलं सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी धरून बसतं. खोलीत चाळीस किलो कपडे आणि अंथरुणं असतील, तर न दिसणारं तीनेक लिटर पाणी तिथे आहे. कोरड्या उन्हाळ्यात त्यातलं बरंच उडून जातं, पावसाळ्यात पुन्हा भरतं. कपड्यांचा ढीग वर्षभर असा श्वास घेत असतो. बीडला पाऊस सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर, कोकणात त्याच्या चार-पाच पट. कोकणात बंद कपाटात जिला बुरशी धरते, तीच साडी बीडच्या उघड्या फडताळात वर्षानुवर्षं धड राहते. बुरशीला साधारण सत्तर टक्क्यांवरची दमट हवा लागते आणि आपल्याकडे ती पावसाळ्याचे महिने सोडले तर क्वचितच मिळते.

कसरीचंही तसंच. ही चंदेरी, बिनपंखी कीड खाण्याशिवाय कित्येक महिने काढते आणि आयुष्यभर कात टाकत राहते. तिला ओल आवडते आणि कापडातली खळ आवडते. म्हणून ठेवणीतल्या सुती साडीची खळ धुऊन काढूनच ती ठेवावी. लोकरीवरची अळी वेगळी. ती लोकर, रेशीम खाते, स्वच्छ सुती कापडाकडे वळत नाही. घोंगडीला मेच्या उन्हात पत्र्यावर टाकतात त्याचं कारण या अळीत आहे. पन्नास अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास मिळाला की अळी आणि अंडी दोन्ही मरतात आणि काळी घोंगडी बीडच्या उन्हात तेवढी सहज तापते. कडुलिंबाच्या पाल्याचा उपयोग त्यामानाने थोडा. खरं काम ऊन करतं.

कमीत कमी जागेत कपडे कसे राहतात हे या जिल्ह्यात सगळ्यात जास्त ठाऊक आहे ते ऊसतोड कामगारांना. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. अख्ख्या कुटुंबाचे पाच-सहा महिन्यांचे कपडे एका पत्र्याच्या पेटीत आणि एका बोचक्यात. फडाजवळ पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी उभी राहिली, की आत आडवी दोरी बांधली जाते. कपाट म्हणावं तर ती दोरीच. मागे गावात कुलूप लावलेल्या घरात ठेवणीतलं लुगडं दुसऱ्या पेटीत वाट पाहतं. हे कौशल्य मोठं आहे, पण ते गरजेने शिकावं लागलेलं आहे. त्याचं कौतुक करताना कोपीत दोरीऐवजी भिंत आणि फडताळ असायला हवं होतं, हेही म्हटलंच पाहिजे.

माझं मत विचाराल तर पाहुण्यांच्या छोट्या खोलीत दोन फुटी कपाट करूच नका. दाराच्या वर किंवा एका पूर्ण भिंतीवर फूटभर खोल फळ्या घ्या, पुढे पडदा लावा. साड्या आणि चादरी तिथे बसतील. गाद्या-गोधड्या दिवाणात जाऊ द्या. पाहुण्यासाठी डोळ्यांच्या उंचीवर पाच-सहा खुंट्या ठोका आणि एक फळी रिकामी सोडा. जरीची साडी टांगू नका, जरीच्या वजनाने रेशीम ताणलं जातं. ती सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा आणि अधूनमधून घडी बदला, म्हणजे एकाच मोडीवर जर तुटत नाही.

आणि ती खोली बाळंतपणाला आलेल्या लेकीची असेल, तर एक गोष्ट मनावर घ्या. डांबरगोळीची वाफ काही नवजात बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, त्या बाळांना त्यातून तीव्र कावीळ होऊ शकते. आपलं बाळ त्यांतलं आहे की नाही, हे वरून पाहून कळत नाही. बाळाची दुपटी, झबली, टोपडी डांबरगोळीच्या पेटीतून काढून तशीच वापरू नका. ती डांबरगोळीशिवाय ठेवा आणि वापरण्याआधी धुऊन कडकडीत उन्हात वाळवा.