शोरूमचे निदान आणि व्यापाऱ्याचा खिसा

आपल्या धंद्यात गाडी आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मालेगावचा यंत्रमागवाला असो, भिवंडीचा सूतव्यापारी असो की आठवडी बाजार करणारा कपडेवाला असो, गाडी दोन दिवस उभी राहिली की नुकसान फक्त दुरुस्तीच्या बिलाचे होत नाही. माल पोहोचत नाही, पार्टीला दिलेला वायदा मोडतो आणि गाडीचा हप्ता मात्र थांबत नाही. पूर्वी ओळखीचा मिस्त्री बोनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि दोष सांगायचा. आता गाडीत संगणक आला, म्हणून आपण ती शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेतो. तिथे मशीन लावतात, एका भागाचे नाव सांगतात आणि एक मोठा आकडा सांगतात. हे निदानच चुकीचे निघाले तर भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडलेला असेल.

संगणक काय सांगतो?

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. गाडीतला संगणक कोणता भाग खराब झाला हे सांगत नाही; कोणते काम बिघडले एवढेच सांगतो. त्यासाठी तो एक क्रमांक साठवून ठेवतो, त्याला कोड म्हणतात. उदाहरणार्थ, पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेट घेत नाही आणि पी-०३०२ म्हणजे तीच तक्रार दुसऱ्या सिलिंडरमध्ये. आता इंधन का पेटत नाही? प्लग झिजला असेल, कॉइल कमजोर झाली असेल, इंजेक्टर तुंबला असेल, वायर सैल झाली असेल, कुठून तरी जादा हवा शिरत असेल किंवा सिलिंडरचा दाब कमी झाला असेल. यातले नेमके कारण शोधण्यासाठी तपासणी करावी लागते. कोड वाचायला दोन मिनिटे लागतात, तपासणीला कधी अर्धा दिवस लागतो. घाईच्या वर्कशॉपमध्ये हा अर्धा दिवस वाचवतात आणि अंदाजाने भाग बदलतात. अंदाज चुकला तर दुसरा भाग बदलतात. प्रत्येक वेळी बिल मात्र ग्राहकाच्या नावावर फाटते.

घाटातला झटका

माझ्या दुकानाच्या सीएनजी व्हॅनचे असेच झाले. रिकामी असताना गाडी उत्तम चालायची. भिवंडीहून सुताच्या गोण्या भरून कसारा घाट चढू लागली की झटके द्यायची. पेट्रोलवर घेतली की झटके बरेच कमी व्हायचे. वर्कशॉपमध्ये मशीन लावले आणि गॅसच्या इंजेक्टरचा संपूर्ण संच बदलावा लागेल असे सांगितले. मजुरीसह बिल १८,४०० रुपये झाले. पुढच्याच फेरीत घाटात तोच झटका. पुन्हा गाडी नेली तेव्हा निदान बदलले होते. आता म्हणे गाडीचा संगणकच गेला आहे आणि खर्च पहिल्यापेक्षा जास्त.

तेव्हा मी कोडची छापील प्रत मागितली. त्यावर पी-०३०२ होता, दोन्ही वेळा तोच. गाडी तशीच बाहेर आणून एका जुन्या मिस्त्रीला दाखवली. त्याने काही न विकता एकच काम केले. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्याला लावली, तिसऱ्याची दुसऱ्याला लावली, आणि गाडीत माल भरून चढावर नेली. आता कोड आला पी-०३०३. कॉइलबरोबर दोषही सरकला, म्हणजे दोष कॉइलमध्ये. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत ही तपासणी पाऊण तासाची आहे. नवी कॉइल आणि चार प्लग मिळून खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला.

मग गॅसवरच झटके का? कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाची ठिणगी लागते आणि चढावर, ओझ्याखाली ती आणखी जास्त लागते. कमजोर कॉइल पेट्रोलवर कसेबसे निभावते, गॅसवर उघडी पडते. गॅसची गाडी म्हणून गॅसचाच दोष, असा हिशेब वर्कशॉपने केला होता.

जॉबकार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहिलेली होती, काढलेला जुना इंजेक्टर संच माझ्या ताब्यात होता आणि दोन्ही कोडच्या प्रती होत्या. हे सारे जोडून डीलरला लेखी पत्र दिले, एक प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवली. तीन आठवड्यांनी मजुरी पूर्ण आणि संचाची निम्मी रक्कम परत मिळाली. बुडालेल्या फेऱ्यांचे काही मिळाले नाही.

कपड्याच्या बाजारातली रीत

आपल्याला हे काही नवीन नाही. रंगवून आलेल्या ताग्यावर आडवी पट्टी दिसली की प्रोसेसवाला म्हणतो सुतात मिसळ आहे आणि विणणारा म्हणतो रंगाई बिघडली. अशा वेळी जाणता व्यापारी कोणाचेच तोंडी मानत नाही. त्याच मालाच्या कोऱ्या ताग्याचा तुकडा कापून दुसरीकडे रंगवून घेतो आणि मग बोलतो. गाडीच्या बाबतीतही हीच रीत पाळावी. भागाचे नाव ऐकून मान डोलवू नये. कोणत्या तपासणीत हा भाग खराब ठरला, ते विचारावे.

गाडी देताना आणि घेताना

१. जॉबकार्डावर फक्त ‘इंजिन काम’ असे लिहू देऊ नका. झटका कधी येतो, किती वेगाला, माल भरलेला असताना की रिकामी असताना, गॅसवर की पेट्रोलवर, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हे लिहून घ्या. मात्र अमुक भाग बदला असे स्वतः सांगू नका. तसे सांगितले की निदानाची जबाबदारी तुमच्यावर येते.

२. दोष ओझ्याखाली येत असेल तर मिस्त्रीला शेजारी बसवून भरलेली गाडी चालवून दाखवा. रिकाम्या अंगणात दोष दिसणार नाही.

३. कोडची छापील प्रत मागा. बहुतेक गाड्यांत कोड आला त्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान आणि भार यांचीही नोंद राहते, तीही मागा.

४. एस्टिमेट लेखी घ्या. त्याबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये, असे जॉबकार्डावर लिहा. फोनवर होकार दिला तर लगेच मोबाईलवर मजकूर पाठवून तोच होकार लेखी करा.

५. बदललेला जुना भाग परत घ्या. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी ठेवून घेते, पण पैसे देऊन बदललेला भाग मागायला संकोच नको.

६. बिलावर वाद असेल तर फाटकात भांडू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. धंदा बंद ठेवण्यापेक्षा बँकेमार्फत रक्कम भरा आणि बिलावर ‘हरकत राखून रक्कम दिली’ असे लिहून सही करा.

कायदा कोणाच्या बाजूने?

बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी जाईल, अशी भीती पुष्कळदा घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात बजावले होते की, केवळ बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. म्हणून वॉरंटीतली गाडी बाहेर दाखवायची तर तपासणीपुरती दाखवा आणि मत लेखी घ्या.

लेखी तक्रारीला दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते.

पण आपल्या वाचकांनी इथे एक अट नीट पाहावी. व्यापारी कारणासाठी वस्तू किंवा सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक नाही. मात्र स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच वस्तू घेतली असेल तर तो ग्राहक धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात हा फरक स्पष्ट केला. स्वतः टॅक्सी किंवा रिक्षा चालवणारा ग्राहक ठरतो. गाडी पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा ठरत नाही. म्हणजे स्वतःच्या टेम्पोत माल नेणाऱ्या कारागिराची बाजू भक्कम आहे. पगारी ड्रायव्हर ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र आयोगात हा आक्षेप ऐकावा लागेल. त्याची खरी ढाल म्हणजे त्याचे कागद.

कागदाचे महत्त्व आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. लिहून मागणे म्हणजे समोरच्यावर संशय घेणे नव्हे.

मिस्त्री बांधवांसाठी दोन शब्द

आपल्या समाजातले शेकडो तरुण गॅरेजमध्ये हात काळे करून हलाल रोजी कमावतात. आता त्यांच्या हातातही स्कॅनर आला आहे आणि शोरूमची चूक त्यांच्याकडूनही होऊ शकते. प्रत्येक चुकीचे निदान ही फसवणूक नसते. पण तपासणी न करता खात्रीने भागाचे नाव सांगणे आणि चुकल्यावरही पैसे ठेवून घेणे, हे इमानदारीत बसत नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी आतला ओलावा बाहेर काढला आणि तो ग्राहकाला दिसेल असा वर का ठेवला नाही, हे दुकानदाराला विचारले. तोच प्रश्न आपल्या प्रत्येक धंद्याला लागू आहे. ‘अजून नक्की कळले नाही, तपासून सांगतो, तपासणीचे एवढे पैसे होतील,’ असे स्पष्ट सांगणाऱ्या मिस्त्रीकडे गिऱ्हाईक पुन्हा येते. त्या तपासणीचे पैसे देताना आपणही घासाघीस करू नये.