आकाशातून वाचावा असा पाण्याचा इतिहास

मुंबईहून युरोपकडे निघालेला प्रवासी बहुधा जेवण आटोपून खिडकीची झडप ओढून घेतो. खालून सरकणारे देश त्याच्यासाठी समोरच्या पडद्यावरील नावांपुरतेच उरतात. वारे, युद्धे आणि परवानग्या यांनुसार हवाई मार्ग बदलत असतात. तरीही अरबी समुद्र ओलांडून ओमान, इराक आणि तुर्कस्तानवरून जाणारा मार्ग जुना व परिचित आहे. दिवसाउजेडी, निरभ्र आकाशात, दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून या मार्गावर पाण्याचा इतिहासच उलगडत जातो.

समुद्र संपताच ओमानचे हाजर पर्वत दिसू लागतात. हे डोंगर उघडेबोडके आणि तपकिरी असून त्यांचा काही भाग म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी वर ढकलला गेलेला सागरतळ होय. पायथ्याशी मात्र खजुराच्या बागांचे हिरवे पट्टे आहेत. ही 'फलज' या जलव्यवस्थेची किमया. डोंगरातील झरे व भूजल केवळ उताराच्या आधारे गावात आणायचे आणि प्रत्येकाला ठरावीक वेळ पाणी द्यायचे, ही तिची रीत. पूर्वी ही वेळ दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून मोजली जाई. अशा पाच फलजांना २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

आखाताच्या टोकाशी टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांचा दलदलीचा प्रदेश लागतो. येथील अरब वेतासारख्या बोरूची घरे बांधून राहतात. १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने बांध व कालवे काढून ही दलदल जवळजवळ कोरडी केली आणि हजारो कुटुंबे देशोधडीला लागली. २००३ नंतर स्थानिकांनी बांध फोडले, तेव्हा पाण्याबरोबर काही माणसेही परतली. २०१६ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला.

टायग्रिसच्या काठी उत्तरेला कुत हे गाव आहे. पहिल्या महायुद्धात तेथील वेढ्यात मराठा पलटणींचे जवान अडकले होते. उपासमारीनंतर एप्रिल १९१६ मध्ये त्या फौजेला शरणागती पत्करावी लागली.

पुढे तुर्कस्तानात नद्यांच्या वरच्या अंगाला धरणांचे निळे जलाशय चमकतात. युफ्रेटिसवर अतातुर्क धरण आहे, तर टायग्रिसवर इलिसू. इलिसूच्या पाण्याखाली २०२० मध्ये हसनकेफ हे प्राचीन नगर बुडाले. काही स्मारके आधीच हलविण्यात आली होती. रहिवाशांना मात्र नव्या वसाहतीत जावे लागले.

विमान काही तासांत नदीच्या मुखाकडून उगमाकडे जाते. वर अडविलेल्या पाण्याचा परिणाम मात्र उलट दिशेने, खालच्या दलदलीपर्यंत पोहोचतो. वरून देशांच्या सीमा दिसत नाहीत. पाणी कुठे आहे आणि कुठे नाही, एवढे मात्र स्पष्ट दिसते. त्यासाठी झडप उघडी ठेवणे पुरेसे आहे.