जुन्या फटफटीचे सुटे भाग

शिरूरच्या बाजारात किंवा दौंडच्या स्टेशनाजवळ थोडा वेळ उभे राहा. नव्या गाड्यांच्या गर्दीतून अजूनही एखादी जुनी राजदूत फटफट करीत येते. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकलेल्या असतात. गाडी म्हातारी झालेली असते. पण तिच्यावर एका घरची चूल पेटत असते.

अशी गाडी एक दिवस बंद पडते. मिस्त्री ती उघडतो, बघतो आणि म्हणतो, "दादा, ह्याचा पार्ट आता येत नाय. घाला भंगारात." मालकाचे तोंड उतरते. नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावे लागते. म्हणून आम्ही सांगतो, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. न मिळणारे सगळेच भाग खरोखर न मिळणारे नसतात.

पार्ट का मिळत नाही?

राजदूत गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने काढली. पोलंड देशातल्या एसएचएल या गाडीवरून ती घेतली होती. जावा आणि येझदी या गाड्या म्हैसूरला होत. तो कारखाना 1996 साली बंद झाला. पुढे काही वर्षांनी राजदूतही निघेनाशी झाली. कारखाना थांबला की त्याचे सुटे भागही हळूहळू संपतात. दुकानदार नाव ऐकूनच मान हलवतो.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाडीतले पुष्कळ भाग त्या कंपनीने स्वतः केलेलेच नव्हते. ते बाजारातून ठरलेल्या मापाचे आणून बसवले होते. गाडी बंद झाली, पण ते माप बंद झाले नाही.

नंबर वाचा

चाकात आणि इंजिनात बेअरिंग असते. ते काढून रॉकेलने पुसा. त्याच्या कडेला बारीक नंबर दिसेल. समजा, तो 6203 आहे. याचा अर्थ असा : आतले भोक 17 मिलीमीटर, बाहेरचा घेर आरपार 40 मिलीमीटर आणि जाडी 12 मिलीमीटर. कोणत्याही कंपनीचे, कोणत्याही देशातले 6203 घ्या, हे माप तेच राहते. पाण्याच्या मोटरीतही अशीच नंबराची बेअरिंगे असतात. म्हणून ते फटफटीच्या दुकानात मिळाले नाही, तर मोटरीचे सामान विकणाऱ्याकडे विचारा. तिथे गाडीचे नाव सांगू नका, नंबर सांगा. नंबरापुढे सी 3 असे लिहिले असेल तर तेही सांगा. तशा बेअरिंगात आत थोडी जास्त मोकळीक असते. इंजिन तापले की ती लागते.

ऑइल सीलचेही असेच. त्यावर 20, 35, 7 असे तीन आकडे असतात. आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी. सील तेल सोसणाऱ्या रबराचेच हवे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावू नका. तो तेला-पेट्रोलात फुगतो.

राजदूतसारखी गाडी एकाएकी पांढरा धूर फार ओकू लागली आणि गिअरचे तेलही कमी होऊ लागले, तर इंजिनातले सील फाटले असावे. कित्येक वेळा एवढ्याशा सीलसाठी सारे इंजिन वाईट ठरवले जाते.

माप घ्या

काही भागांवर नंबर नसतो. बुश, स्पेसर, साधा नट-बोल्ट हे त्यातले. हे भाग लेथवर करून मिळतात. आपल्याकडे साखर कारखाने आहेत, रांजणगाव आणि कुरकुंभला औद्योगिक वसाहती आहेत. त्यामुळे लेथवर हात बसलेले कारागीर आपल्या भागात आहेत. त्यांच्याकडे जुना तुकडा घेऊन जा. तो मोडका असला तरी न्या. झिजलेल्या तुकड्याचे माप खोटे असते. म्हणून तो ज्यात बसतो तो भागही सोबत न्या.

पिस्टनची गोष्ट निराळी. सिलिंडरचे भोक झिजले की ते जरा मोठे कोरून सारखे करतात आणि त्यात मोठा पिस्टन घालतात. हे मोठेपण सहसा पाव-पाव मिलीमीटरने वाढते. इथे एकच नियम आहे. आधी पिस्टन हातात येऊ द्या, मग सिलिंडर कोरा. आधी कोरले आणि पिस्टन मिळाला नाही, तर आहे तेही गेले. दुसऱ्या गाडीचा पिस्टन रुंदीला बसला म्हणून चालत नाही. त्याची उंची आणि पिनचे भोकही जुळावे लागते. पेट्रोलात तेल घालून चालणाऱ्या गाडीत पिस्टनच हवेची दारे उघडतो आणि मिटतो. उंची चुकली की दारे चुकतात.

गावात नाही मिळाले तर पुण्याला नाना पेठेत विचारा. जुन्या बाजारातही कधी चांगला तुकडा हाती लागतो. तेथे चोरीचा माल घेऊ नका. पावती मागा. नंबर खोडलेले इंजिन फुकट दिले तरी घेऊ नका.

जिवावरचे भाग

आता आमचीच चूक सांगतो. मागच्या ब्रेकची दांडी जोडणारी पिन एकदा पडली. दुकानात तशी मिळाली नाही. आम्ही म्हटले, चालतंय की! आणि पिनेच्या जागी बांधकामाची तार पिळून लावली. चार दिवस चालले. पाचव्या दिवशी न्हावऱ्याहून शिरूरला येत होतो. पुढे उसाची ट्रॉली एकदम थांबली. ब्रेक दाबला, तशी तार तुटली आणि पाय रिकामाच खाली गेला. गाडी चारीत घातली म्हणून वाचलो. मनगट मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता. पिन किती पैशांची? एका चहाच्या.

म्हणून भागांचे दोन ढीग करा. ज्याच्या मोडण्याने गाडी नुसती थांबते, तो पहिला ढीग. तिथे खटपट करून बघायला हरकत नाही. ज्याच्या मोडण्याने माणूस मरतो, तो दुसरा ढीग. ब्रेक, हँडल, पुढचा फोर्क, चाकाचा आस हे त्यातले. तिथे तार नको, वेल्डिंग नको, अंदाज नको. योग्य माप आणि योग्य पोलाद मिळेपर्यंत गाडी दारात उभी राहू द्या. दूध चार दिवस दुसऱ्याच्या गाडीवर जाईल.

ब्रेकच्या जुन्या पट्टीची धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असे. ते फुप्फुसाला घातक असते. ओल्या फडक्याने पुसा.

शेवटी कागद. नोंदणीला 15 वर्षे झाली की गाडी तपासून नोंद पुन्हा करून घ्यावी लागते आणि पुढे दर 5 वर्षांनी. कागद मेला तर चांगली गाडीही रस्त्यावर चालत नाही.

वाचायला शिकलात ते केवळ पोथी-पत्रासाठी नव्हे. बेअरिंगवरचे ते चार आकडे तुम्हाला वाचता आले, तर "पार्ट येत नाय" या शब्दाला तुम्ही उलट प्रश्न विचारू शकता : "नंबर कोणता, ते तर बघू!"

आठवून सांगा

1. 6203 या बेअरिंगचे आतले भोक किती?
2. सिलिंडर आधी कोरावा की पिस्टन आधी आणावा? का?
3. तुमच्या गाडीतले कोणते भाग दुसऱ्या ढिगात येतात?