रविवारची बस जंगलापर्यंत न्या

मुंबईच्या हद्दीला लागून, काही अंशी हद्दीच्या आतच, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत आणि बिबट्यांचा वावर आहे. बोरिवली स्टेशनवरून त्याच्या प्रवेशद्वाराशी चालत जाता येते. २०२२ पासून तर मेट्रोच्या सातव्या मार्गिकेवर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचे स्थानकही आहे. कागदोपत्री हे जंगल सव्वा कोटी मुंबईकरांचे आहे. प्रत्यक्षात ते पश्चिम उपनगरात राहणाऱ्यांच्या आणि दारात गाडी असलेल्यांच्या आवाक्यात आहे. बाकीच्यांसाठी ते किती दूर आहे, हे नकाशावरच्या किलोमीटरवरून कळत नाही. किती गाड्या बदलाव्या लागतात, सगळ्या कुटुंबाचे भाडे किती होते आणि आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीतले किती तास रस्त्यात जातात, यावर ते ठरते. म्हणून गरिबांना निसर्ग मिळतो की नाही हा प्रश्न जितका उद्यान खात्याचा आहे, तितकाच तो बसच्या वेळापत्रकाचाही आहे.

गोवंडीचे उदाहरण घेऊ. हा भाग महापालिकेच्या एम पूर्व विभागात येतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा विभाग सर्वांत तळाला होता. शहराचा कचरा वर्षानुवर्षे देवनारला आला, कत्तलखाना इथेच आहे आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या इमारती इतक्या खेटून बांधल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊनही धड पोहोचत नाही. या दाटीचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवून दिला आहे. इथल्या कुटुंबाला रविवारी बोरिवलीच्या जंगलात जायचे असेल, तर आधी हार्बरची लोकल पकडून वडाळा रोड गाठायचे. तिथे गोरेगावची गाडी धरायची, गोरेगावला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये चढायचे आणि बोरिवलीला उतरून पुढे पायी किंवा रिक्षाने जायचे. दुसरा रस्ता कुर्ला आणि दादर असा, तिथेही गाडी बदलणे चुकत नाही. कडेवर मूल, हातात डब्यांची आणि पाण्याची पिशवी, सोबत म्हातारे माणूस असेल तर प्रत्येक पुलावर चढउतार. त्यात रविवार हाच रेल्वेच्या मेगाब्लॉकचा दिवस. शिवाय ज्याची सुट्टी सोमवारी असते, त्याच्यासाठी उद्यानच बंद असते. ज्यांना मोकळ्या हवेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यासाठीच ती गाठण्याची वाट सर्वांत बिकट करून ठेवलेली आहे.

याला कुणी चैनीचा प्रश्न म्हणेल. पण रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम या संशोधकांनी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील लोकसंख्येचा अभ्यास मांडला. गरीब आणि श्रीमंत यांच्या मृत्युदरात सगळीकडेच फरक होता, पण ज्या भागांत हिरवाई अधिक होती तिथे हा फरक कमी आढळला. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्याच सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. अशा अभ्यासांतून झाडे हेच एकमेव कारण असल्याचे सिद्ध होत नाही, हे खरे. तरीही हिरवाईचा आधार ज्यांना सर्वाधिक लागतो ते आपल्या शहरात तिच्यापासून सर्वाधिक दूर आहेत, एवढे लक्षात येण्यासाठी ही माहिती पुरेशी आहे.

‘त्या लोकांना जंगलाची आवड कुठे असते’ हा आक्षेप तर ऐकूनही घेऊ नये. रविवारी संध्याकाळी जुहू आणि गिरगावच्या चौपाटीवर, भायखळ्याच्या राणीच्या बागेत कोण येते ते पाहावे. स्टेशन जवळ आहे आणि खर्च बेताचा आहे, अशा ठिकाणी कष्टकरी कुटुंबे आजही मोठ्या संख्येने जातात. राणीच्या बागेचे मोठ्यांचे तिकीट २०१७ मध्ये ५ रुपयांवरून ५० रुपये झाले, बेस्टचे किमान भाडे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झाले. एकेकटी पाहिली तर या रकमा छोट्या वाटतात. पाच माणसांच्या घराला मात्र जाण्याचे, येण्याचे आणि आत शिरण्याचे पैसे एकत्र मोजावे लागतात आणि त्या बेरजेवर सहल रद्द होते. भाडे उतरले की काय होते, हे राज्याने एसटीत पाहिले आहे. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले आणि एसटीतली महिलांची गर्दी ठळकपणे वाढली.

मग करायचे काय? रविवारी आणि सणासुदीला गोवंडी, मानखुर्द, धारावी यांसारख्या वस्त्यांतून थेट राष्ट्रीय उद्यानापर्यंत नेहमीच्या भाड्यात बस सोडायची. सुटण्याची आणि परतीची वेळ थांब्यावर मराठीत, हिंदीत आणि उर्दूत लिहायची. परतीची शेवटची बस चुकणार नाही याची हमी असेल, तरच बाया-माणसे मुलांना घेऊन निघतील. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात २०१७ पासून ‘ट्रेलहेड डायरेक्ट’ नावाची अशी सेवा मोसमात सुट्टीच्या दिवशी चालवली गेली. डोंगरवाटांच्या पायथ्याशी गाड्यांच्या पार्किंगची कोंडी झाली, तेव्हा तिथल्या वाहतूक आणि उद्यान या दोन खात्यांनी एकत्र येऊन ती सुरू केली. आपल्याकडे नेमके हेच होत नाही. वन विभागाची जबाबदारी फाटकाशी संपते, बेस्टचे मार्ग कामाच्या फेऱ्या बघून आखले जातात आणि मधला प्रवास कुणाच्याच खात्यात येत नाही.

पहिला खरा आक्षेप पैशांचा आहे. बेस्ट तोट्यात आहे आणि एके काळी चार हजारांच्या वर असलेला तिचा ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे. पण रविवारी कार्यालये बंद असतात आणि गर्दीच्या वेळेसाठी ठेवलेल्या काही गाड्या मोकळ्या असतात. त्यांतल्या मोजक्या वळवायला लागणारा खर्च इंधनाचा आणि चालक-वाहकाच्या पाळीचा. ज्या महापालिकेने हजारो कोटींचा सागरी किनारा रस्ता बांधला, जिथे मुख्यतः खासगी मोटारी धावतात, तिला हा भार पेलणार नाही असे म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप जंगलाच्या बाजूने आहे: गर्दी वाढली तर कचरा आणि गोंगाट वाढेल, प्राण्यांना त्रास होईल. ही काळजी रास्त आहे आणि म्हणूनच बस हवी. किती बस आणि किती माणसे आत सोडायची हे ठरवता येते. एक बस जेवढी माणसे आणते, तेवढ्यांसाठी मोटारींची लांबलचक रांग लागते. माथेरानने मोटारी गावाबाहेर ठेवल्या आणि १९०७ पासून नेरळची छोटी गाडी लोकांना वर नेते आहे. संरक्षण आणि सार्वजनिक वाहन एकत्र नांदू शकतात, याला याहून जवळचा पुरावा नको.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: वस्तीतच बाग का देऊ नये? द्यायलाच हवी. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटरच्या आसपास असल्याचे सांगितले जाते आणि २०३४ च्या विकास आराखड्याने ४ चौरस मीटरचे लक्ष्य ठेवले आहे. पण आरक्षित भूखंड ताब्यात येऊन त्यावर बाग उभी राहायला एक पिढी जाते. आज गोवंडीत असलेले मूल तोवर मोठे होऊन जाईल. शिवाय कितीही बागा केल्या तरी जुने जंगल नव्याने बनवता येत नाही. ते आहे तिथेच राहणार, त्यामुळे माणसांनाच तिथवर नेले पाहिजे. बागेचा आग्रह आणि बसची मागणी हातात हात घालून पुढे जायला हव्यात. फरक एवढाच की बागेला वर्षे लागतील, बस पुढच्या रविवारी सुटू शकते. वन विभाग, महापालिका आणि बेस्ट यांनी एकत्र बसून एका वस्तीतून एक मार्ग सहा महिने चालवून पाहावा, प्रवासी मोजावेत आणि आकडे जाहीर करावेत. सार्वजनिक पैशाने राखलेल्या जंगलावर सर्वांचा सारखा हक्क आहे, असे राज्य मानत असेल, तर तो हक्क बजावता येण्याची सोय करणे ही मेहेरबानी नव्हे, राज्याचे कर्तव्य आहे.