ती आपल्यातली नाही!

‘जाऊ दे गं, ती काही आपल्यातली नाही!’ मैत्रिणींनो, भिशीत, हळदीकुंकवात, बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य आपण किती सहज ऐकतो. ‘आपल्यातली’ म्हणजे कधी जातीची, कधी माहेरच्या गावची, तर कधी नुसती आपल्या आळीतली. हा भेद मनात इतका पटकन येतो कुठून?

मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. कुठल्या चित्रकाराची चित्रं आवडतात, असं विचारून मुलांचे दोन गट पाडले. खरं तर ती वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण कोण आहे, हेही मुलांना ठाऊक नव्हतं. तरी इतरांना पैसे वाटताना बहुतेकांनी आपल्याच गटाला झुकतं माप दिलं! ताजफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९मध्ये याचं कारण मांडलं. ‘माझी किंमत काय?’ याचं उत्तर माणूस आपल्या गटातूनही शोधतो. गट वरचा ठरला, की आपणही वर गेलो असं वाटतं.

१९९७मध्ये अमेरिकेत स्टीव्हन फाइन आणि स्टीव्हन स्पेन्सर यांना आणखी एक गोष्ट दिसली. ‘बुद्धीच्या चाचणीत तुम्ही कमी पडलात’ असं ज्या विद्यार्थ्यांना सांगितलं, त्यांनी ज्यू मुलीला जास्त नावं ठेवली आणि त्यानंतर त्यांना स्वतःबद्दल बरं वाटलं. पण स्वतःला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीबद्दल आधी चार ओळी लिहिलेल्यांनी असा दुजाभाव केला नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या बचत गटातली एक बाई आठवली. घरी दिवसभर ‘तुला काय कळतंय?’ ऐकायची आणि गटात आली, की नव्या वस्तीतल्या बायकांना घ्यायला सर्वांत मोठा विरोध तिचाच! त्या बायकांना मात्र औषधपाण्यासाठीही सावकाराचं दार गाठावं लागे. पुढे हिशेबाची वही हिच्याकडे आली, बँकेत हिची सही चालू लागली. हळूहळू विरोध मावळला. त्या बायका गटात आल्या. त्यांच्या घरचा चहा ती अजून घेत नाही, पण वही कशी लिहायची ते शेजारी बसवून शिकवते.

म्हणजे स्वाभिमान आला, की भेदभाव संपला, असं नाही हं. स्वतःवर खूश असणारी माणसंही आपल्या गटाचीच बाजू घेतात. प्रश्न असा, की तो स्वाभिमान उभा कशावर आहे? स्वतःच्या कामावर, की दुसरीच्या कमीपणावर?

तेव्हा पुढच्या वेळी ‘ती आपल्यातली नाही’ असं ओठांवर आलं, तर क्षणभर थांबा. आज आपल्याला कुणी कमी लेखलं का, ते आठवून बघा. आणि घरातल्या सुनेला, लेकीला ‘छान केलंस’ म्हणायला विसरू नका. त्याचा फायदा शेजारणीलाही होतो!