वर्तमानपत्र वर्गात नेलं, पण संशोधन नेमकं कशावर?



एम.एड.चा लघुप्रबंध असो की पीएच.डी.चा आराखडा, शिक्षणशास्त्रात एक विषय हमखास दिसतो: "इयत्ता ९ वीच्या विद्यार्थ्यांसाठी वर्तमानपत्राच्या वापराची परिणामकारकता अभ्यासणे". विषय वाईट नाही. साहित्य स्वस्त आहे, रोज नवं मिळतं, आणि खेड्यातल्या शाळेतही पोहोचतं. पण समितीपुढे पहिलाच प्रश्न येतो, "वापर म्हणजे नेमकं काय?" आणि तिथेच गाडी अडते.

हा प्रश्न अडवण्यासाठी विचारलेला नसतो. उत्तर नसेल तर तुमची दोन-तीन वर्षं अशा कामात जातील, जे वाचून दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला सोमवारी वर्गात काय करायचं तेच कळणार नाही. म्हणून आज आपण फक्त या एका प्रश्नाचं उत्तर शोधू.

१. वर्तमानपत्र हा चल नाही, कृती हा चल आहे

आराखड्यात आपण सहज लिहून टाकतो: स्वाश्रयी चल – वर्तमानपत्र, आश्रयी चल – संपादणूक. आता विचार करा. एका वर्गात शिक्षक बातमी मोठ्याने वाचतात आणि मुलं ऐकतात. दुसऱ्या वर्गात मुलं त्याच बातमीतल्या आकड्यांवरून गणित मांडतात. तिसऱ्यात दोन दैनिकांतली तीच बातमी शेजारी ठेवून काय गाळलं ते शोधतात. वर्तमानपत्र तिन्हीकडे आहे, पण मुलांच्या डोक्यात चालणारं काम तिन्हीकडे वेगळं आहे. मग परिणाम झाला तो कशाचा?

कागद शिकवत नाही, कागदासोबत मूल जे करतं त्यातून ते शिकतं. म्हणून स्वाश्रयी चल लिहिताना "वर्तमानपत्र" हा शब्द पुरत नाही. कृतीचं नाव, तिच्या पायऱ्या, लागणारा वेळ, गटात की एकट्याने, हे सगळं कार्यात्मक व्याख्येत यायला हवं.

अनेक प्रबंधांत या जागी पार्श्वभूमी भरलेली असते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तिथून सुरुवात. मग राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५, ज्याने शाळेतलं ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडायला सांगितलं. दोन्ही खरं आहे, एका परिच्छेदात जरूर लिहा. पण यातून विषय का महत्त्वाचा एवढंच कळतं. कोणती कृती चालते हे त्यातून सिद्ध होत नाही.

२. एक बातमी, तीन कृती

पावसाळ्यात आपल्या दैनिकांत रोज येणारी धरणसाठ्याची बातमी घेऊ. समजा बातमी अशी आहे: "कोयना धरणात ८४ टीएमसी पाणीसाठा. २४ तासांत साठ्यात २ टीएमसीने वाढ. पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग सुरू." आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. धरणाची एकूण क्षमता मात्र खरी आहे, १०५.२५ टीएमसी.

*कृती अ: माहिती शोधा.* कोणतं धरण, किती साठा, किती विसर्ग? मुलं बातमीत बोट ठेवून उत्तर देतात. यात वाचन आणि स्मरण आहे, आणि सुरुवातीला ते गरजेचंही आहे. वर्गात बहुतेक वेळा आपण इथेच थांबतो.

*कृती आ: आकडा उलगडा.* टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. २,१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण ५९ हजार लिटर. १० हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर दर सेकंदाला रिकामे होताहेत असं समजा.

आता पुढचं. ११,५७४ क्युसेकने दिवसभर पाणी वाहिलं की १ टीएमसी होतं. साठा दिवसात २ टीएमसीने वाढला, म्हणजे सरासरी २३,१४८ क्युसेक पाणी धरणात थांबलं. शिवाय २,१०० क्युसेक बाहेर गेलं. बाष्पीभवन वगैरे सोडून दिलं तर आवक सुमारे २५ हजार क्युसेक. हा आकडा आपल्या बातमीत नाही, मुलांनी तो काढला. इथे उपयोजन होतं.

*कृती इ: गाळलेलं शोधा.* ८४ टीएमसी म्हणजे जवळपास ८० टक्के. एक मथळा होईल "कोयना ८० टक्के भरले", दुसरा "कोयनेत अजून २१ टीएमसी जागा". दोन्ही खरे. पण कोयना नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीकडे जातं. ऑगस्ट २०१९ चा पूर पाहिलेल्या सांगलीच्या माणसाला या बातमीत काय हवं असेल? दरवाजे कधी उघडणार? याच वेगाने साठा वाढला तर धरण भरायला दहा-अकरा दिवस लागतील, हे मुलं काढू शकतात. पण प्रत्यक्षात पाणी त्याआधीही सोडलं जाऊ शकतं, कारण कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा याचं नियोजन जलसंपदा विभागाकडे असतं. ते या बातमीत नाही. मग ते कुणाला विचारायचं? इथे विश्लेषण आणि मूल्यमापन आहे.

ब्लूमच्या वर्गीकरणाची २००१ ची सुधारित पातळी-यादी बहुतेकांना पाठ असते. ती प्रस्तावनेत छापण्यापेक्षा असं करा: तुमच्या प्रत्येक कृतीसमोर तिची पातळी लिहा. सगळ्या कृती 'स्मरण'पाशीच गोळा झाल्या, तर "चिकित्सक विचार वाढला" असा निष्कर्ष काढता येणार नाही हे तुम्हाला आधीच कळेल.

३. चाचणी कृतीशी जुळली पाहिजे

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. मुलांनी आठ आठवडे कृती इ केली आणि उत्तर चाचणीत प्रश्न आला, "कोयना धरण कोणत्या जिल्ह्यात आहे?" फरक दिसला नाही तर दोष कृतीचा की चाचणीचा, हे कोण सांगणार?

दुसरी चूक याच्या उलट असते: वर्गात सोडवलेलीच बातमी चाचणीत देणं. मग मोजली जाते ती आठवण. चाचणीत नवी बातमी हवी. सराव कोयनेवर झाला असेल तर चाचणी जायकवाडी किंवा उजनीवर घ्या, म्हणजे कौशल्य नव्या ठिकाणी नेता येतं का ते दिसेल.

प्रश्नाचं रूप कसं असावं यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इतिहास-शिक्षण गटाचा २०१६ चा अभ्यास जरूर वाचा. सॅम वाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १२ राज्यांतून ७,८०४ प्रतिसाद गोळा केले. एका कामात माध्यमिक शाळेतल्या मुलांना एका संकेतस्थळाचं मुखपृष्ठ दाखवून बातमी कोणती आणि जाहिरात कोणती ते विचारलं. 'प्रायोजित मजकूर' असं लिहिलेलं असूनही ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी तो मजकूर बातमी मानला.

आपण उचलायची ती त्यांची पद्धत. "तुम्ही बातमी तपासून पाहता का?" अशी पाच बिंदूंची श्रेणी त्यांनी दिली नाही, कारण तिथे प्रत्येक जण "नेहमी" वर खूण करतो. त्यांनी खरं पान समोर ठेवून काम करायला सांगितलं. आपल्याकडेही पानभर मजकुराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' छापलेलं असतं. ते पान मुलांपुढे ठेवा आणि ती काय करतात ते पाहा.

अशी उत्तरं मोकळी असतात, म्हणून गुणदानाचे निकष आधी लिहा. काही उत्तरपत्रिका दोन परीक्षकांना स्वतंत्रपणे तपासायला द्या आणि त्यांच्या गुणांत किती मेळ आहे ते प्रबंधात नोंदवा. विश्वसनीयतेच्या प्रश्नाला तेच उत्तर असतं.

४. दोन्ही गटांना वर्तमानपत्र द्या

नेहमीचा आराखडा असा: प्रायोगिक गटाला वर्तमानपत्र, नियंत्रित गटाला पाठ्यपुस्तक. उत्तर चाचणीत प्रायोगिक गट पुढे. पण तो नावीन्यामुळे पुढे गेला, शिक्षक जास्त उत्साहात होते म्हणून गेला, की कृतीमुळे? सांगता येत नाही.

आपला प्रश्न कृतीचा असेल तर दोन्ही गटांना तेच कात्रण द्या. नियंत्रित गट कृती अ करील, प्रायोगिक गट आ आणि इ. तासिका सारख्या, शिक्षक शक्यतो एकच. आता जो फरक दिसेल तो कृतीकडे बोट दाखवील. तिसरी तुकडी मिळाली तर तिला फक्त पाठ्यपुस्तक द्या, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वतःचा वाटाही थोडा कळेल.

कॅम्पबेल आणि स्टॅनले यांनी १९६३ मध्ये अंतर्गत सप्रमाणतेला असलेले जे धोके मांडले, त्यात 'इतिहास' हा एक आहे: पूर्व आणि उत्तर चाचणीच्या मधे बाहेर काहीतरी घडतं आणि गुण बदलतात. आपल्या विषयात हा धोका जास्तच, कारण बाहेर घडणारं हेच आपलं साहित्य आहे. प्रयोग चालू असताना पूर आला तर नियंत्रित गटातली मुलंही घरी टीव्हीवर 'विसर्ग' आणि 'क्युसेक' ऐकणार. म्हणून दोन्ही गट एकाच गावातले हवेत, आणि त्या काळात काय घडलं याची तारखेनुसार नोंद हवी.

तुकड्या आहेत तशाच घ्याव्या लागतात, चिठ्ठ्या टाकून मुलं वाटता येत नाहीत. त्यामुळे हा अर्धप्रायोगिक आराखडा होतो. पूर्व चाचणीतला फरक सांभाळण्यासाठी नुसत्या टी चाचणीऐवजी सहप्रसरण विश्लेषणाचा विचार करा आणि मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा. एकाच आठवड्याचा प्रयोग टाळा, नावीन्य ओसरायला तेवढे दिवस पुरत नाहीत.

५. बातम्या निवडण्याचा नियम आधी लिहा

"योग्य बातम्या निवडल्या" हे वाक्य प्रबंधात चालत नाही. नियम असा हवा: कोणतं दैनिक, कोणती जिल्हा आवृत्ती, आठवड्यातले कोणते वार, किती शब्दांची बातमी, आणि तीत किमान किती आकडे. प्रत्येक कात्रणावर तारीख आणि पान क्रमांक टाकून परिशिष्टात जोडा. जिल्हा आवृत्त्यांत मजकूर बदलतो, त्यामुळे आवृत्ती लिहिली नाही तर दुसऱ्याला तुमचा अभ्यास पुन्हा करता येत नाही.

हंगामाचाही विचार करा. आराखडा डिसेंबरात मंजूर झाला तर धरणांच्या रोजच्या बातम्या मिळणार नाहीत. तेव्हा बाजारभाव घ्या. लासलगावच्या कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी दर क्विंटलमध्ये छापून येतात. सरासरी आणि विस्तार शिकवायला, आणि "सरासरी दर चांगला असूनही एखाद्या शेतकऱ्याच्या हाती कमी का पडतं?" असं विचारायला याहून जवळचं साहित्य नाही.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. वर्गात पूरग्रस्त घरातलं मूल असू शकतं, कर्जापायी आत्महत्या झालेल्या घरातलं असू शकतं. आपल्याला जे 'साहित्य' वाटतं ते त्याच्या घरातलं दुःख असतं. कोणत्या बातम्या घेणार नाही याची यादी आराखड्यातच द्या, वर्गशिक्षकांकडून कात्रणं आधी पाहून घ्या, आणि मुख्याध्यापकांबरोबर पालकांचीही संमती घ्या.

६. आता शीर्षक पुन्हा लिहू

आधीचं शीर्षक: "वर्तमानपत्राच्या वापराची परिणामकारकता अभ्यासणे."

नवं शीर्षक: "धरणसाठ्याच्या बातम्यांवर आधारित आकडे उलगडणे व गाळलेली माहिती शोधणे या कृतींचा इयत्ता ९ वीच्या विद्यार्थ्यांच्या अपरिचित बातमीतील संख्यात्मक माहितीचा अर्थ लावण्याच्या क्षमतेवर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास."

लांबलचक आहे, मान्य. मार्गदर्शक थोडं छाटतील. पण यात कृती आहे, गट आहे आणि काय मोजणार तेही आहे. शून्य परिकल्पना यातूनच निघते: माहिती शोधण्याची कृती करणारा गट आणि या दोन कृती करणारा गट यांच्या उत्तर चाचणीतील समायोजित मध्यमानांत लक्षणीय फरक असणार नाही.

पीएच.डी.पर्यंत जायचं नसेल आणि स्वतःच्याच वर्गातली अडचण सोडवायची असेल, तर कृती संशोधन करा. नियंत्रित गट नसला तरी चालेल, पण कृतीचं नाव आणि तिला जुळणारी चाचणी तिथेही सुटत नाही.

आराखडा लिहायला बसण्याआधी आजचं वर्तमानपत्र घ्या. एक बातमी कापा, कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे लिहा "मूल नेमकं काय करील", उजवीकडे "ते मला कशावरून कळेल". अशा तीन ओळी भरता आल्या तर तो कागद घेऊनच मार्गदर्शकांकडे जा. उजवा रकाना रिकामा राहिला, तर दुसरी बातमी कापण्याआधी कृती बदलून पाहा.