मूग, डाळ आणि फुटाणा

पहिली-दुसरीच्या मुलांना हमखास मिळणारी एक कार्यपत्रिका असते. सूर्य, मोटार, कोंबडी, झाड, दगड अशी चित्रं आणि खाली सूचना : सजीवांना गोल करा. मूल कोंबडीला गोल करतं, मोटारीला करतं, सूर्याला तर मोठ्या उत्साहानं करतं आणि झाड सोडून देतं. शाळेत फुल्या पडतात. मग घरी आई सात लक्षणं घोकून घेते. हालचाल, श्वसन, पोषण, वाढ, उत्सर्जन, प्रजनन, चेतनाक्षमता. पुढच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क. मला वाटतं, नुकसान होतं ते इथेच. पहिल्या वेळी मूल चुकीचा का होईना, विचार करत होतं. दुसऱ्या वेळी त्याला नुसतं उत्तर ठाऊक होतं.

सूर्याला गोल करण्यामागे तर्क असतो आणि तो अगदीच पोरकट नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लहान मुलांशी झालेल्या अशा कितीतरी संवादांची नोंद केली आहे. त्यांना त्यात एक क्रम दिसला. सुरुवातीला जे काहीतरी ‘करतं’ ते जिवंत, म्हणजे उजेड देणारा दिवासुद्धा. पुढे जे हलतं ते जिवंत. त्यानंतर जे कुणी ढकलल्याशिवाय आपलं आपण हलतं ते, म्हणून सायकल बाद होते पण वारा, नदी आणि सूर्य टिकून राहतात. अगदी शेवटी फक्त प्राणी आणि वनस्पती उरतात. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरची सुधारणा आहे. सायकल बाद करणाऱ्या मुलानं मोठी मजल मारलेली असते, पण कार्यपत्रिकेत त्याचा अर्धा मार्कही मिळत नाही.

पियाजेंवर पुढे आक्षेप आला तो असा, की सूर्य, चंद्र, ढग हे प्रश्नच अवघड. मुलानं ना ते हाताळलेले, ना जवळून पाहिलेले. १९८८ मध्ये क्रिस्टीन मॅसी आणि रोशेल गेलमन या अमेरिकी संशोधकांनी तीन-चार वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राणी, पुतळे आणि चाकांच्या वस्तूंचे फोटो दाखवले आणि एवढंच विचारलं : हे आपलं आपण टेकडी चढू शकेल का? प्राण्यासारखा दिसणारा पुतळा चढू शकणार नाही आणि कधीही न पाहिलेला प्राणी चढू शकेल, हे बहुतेक मुलांना सांगता आलं. म्हणजे प्राणी ओळखण्यात मुलं फारशी चुकत नाहीत. अडतं ते वनस्पतींपाशी. झाड पळत नाही, ओरडत नाही, चिमटा काढला तर चावत नाही.

मोठी माणसं या गोंधळात भरच घालतात. मूल दाराला आपटलं की आजी दाराला चापट मारून ‘हात रे दारा’ म्हणते. पुस्तकाला पाय लागला की नमस्कार करायला लावतात, दसऱ्याला स्कूटरला हार घालतात, चंद्र तर सख्खा मामाच. यात वाईट काही नाही, हे आपलं घरगुती काव्य आहे आणि मुलांना ते काव्य म्हणून कळतं, असा माझा समज आहे. दाराला मारल्यावर दार रडत नाही, हे तीन वर्षांच्या पोरालाही दिसतं.

उलट आजीचं एक वाक्य विज्ञानाच्या तासाला थेट वापरावं असं आहे. संध्याकाळी फुलं-पानं तोडू नकोस, झाड झोपलंय! हे नुसतं दटावणं नाही. चिंचेची पानं अंधार पडताना मिटतात. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सावली धरणाऱ्या पर्जन्यवृक्षाचीही मिटतात. पानाच्या देठाशी असलेल्या फुगीर भागातल्या पेशींमधलं पाणी कमी-जास्त होतं आणि पान मिटतं-उघडतं. लाजाळूला हात लावल्यावर तेच होतं, फक्त क्षणात. झाड माणसासारखं झोपत नाही हे खरं, पण चिंचेची फांदी दुपारी एकदा आणि दिवेलागणीला एकदा दाखवली, तर झाड हलत नाही हा मुलाचा मुख्य आक्षेपच लंगडा पडतो.

इथे जगदीशचंद्र बोस आठवणं अपरिहार्य आहे. ‘वनस्पतींना जीव असतो हे बोस यांनी सिद्ध केलं’ असं सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत छापलेलं असतं. ते खरं नाही. झाडं जिवंत असतात हे शेतकऱ्याला कायम माहीत होतं आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनाही. बोस यांनी दाखवलं ते हे, की वनस्पती उद्दीपनाला विद्युत प्रतिसाद देतात. त्यांचं क्रेस्कोग्राफ हे यंत्र रोपाची सूक्ष्म वाढ दहा हजार पटीनं मोठी करून दाखवत असे. पण याहून गमतीची गोष्ट त्यांच्या १९०२ सालच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच आहे. सजीवांमधला आणि निर्जीवांमधला प्रतिसाद! धातूसुद्धा वारंवार उद्दीपन दिल्यावर ‘थकतात’ आणि विश्रांतीनंतर पुन्हा सावरतात, असं त्यांना मोजमापात आढळलं होतं. धातू जिवंत आहे असा त्याचा अर्थ आज कुणी घेत नाही. पण ही रेघ आखताना बोसांसारखा माणूस घुटमळत असेल, तर सहा वर्षांच्या मुलाला थोडा वेळ द्यायला काय हरकत आहे?

त्या वेळात काय करायचं? जपानमध्ये कायोको इनागाकी यांनी घरी गोल्डफिश पाळणाऱ्या बालवाडीतल्या मुलांची तुलना न पाळणाऱ्यांशी केली, तेव्हा पाळणाऱ्यांना माशाबद्दल जास्त माहिती होती, यात नवल नव्हतं. नवल हे, की कधी न पाळलेल्या बेडकाबद्दलही त्यांचे अंदाज अधिक समंजस होते. एका जिवाची रोज काळजी घेतली की दुसऱ्याबद्दल तर्क करता येतो. आपल्याकडे बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, खडे वापरून बालशिक्षण उभं केलं, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आजच्या फ्लॅटमध्ये कुरण नाही, पण स्वयंपाकघर आहे.

सहा वाट्या घ्या. अख्खे मूग, मुगाची डाळ, फुटाणे, तांदूळ, साबुदाणा आणि खडे. जिवंत काय आहे, असं आधी विचारा आणि उत्तर दुरुस्त करू नका. मग सगळ्यांत पाणी घाला. काही तासांत खडे सोडून बहुतेक सगळं फुगेल आणि मूल जाहीर करेल की हे सगळे मोठे झाले, म्हणजे जिवंत. हा क्षण घाईनं घालवू नये. पाणी पिऊन फुगणं आणि वाढणं यांतला फरक सांगून कळत नाही, रात्रभर थांबून कळतो. पाणी काढून सगळं ओल्या फडक्यांत बांधून ठेवलं की सकाळी मुगाला मोड येऊ लागलेले दिसतात. बाकीचे फुगलेले तसेच. साबुदाणा तर बी नव्हताच, कंदाच्या पिठाच्या गोळ्या होत्या.

आता डाळ का नाही? भिजलेला मूग नखानं उकला. दोन दलांच्या मध्ये कडेला बारीकसा अंकुर दिसतो. डाळ भरडताना तो निखळतो. तांदूळ सडताना तसंच होतं. भाताचा दाणा तुसासकट पेरला तर रुजतो, पांढराशुभ्र तांदूळ नाही. फुटाण्यात अंकुर आहे, पण भट्टीच्या उष्णतेनं मेलेला. नवरात्रात घटाभोवती घातलेलं धान्य रुजताना पाहिलेल्या मुलाला हे पटकन कळतं.

या प्रयोगात सात लक्षणांची यादी उघडी पडते. डब्यातल्या कोरड्या मुगाला हालचाल, वाढ, पोषण यांतलं काहीच दिसत नाही, तरी तो जिवंत असतो. इस्राएलमधल्या मसादा किल्ल्यात सापडलेलं खजुराचं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बी २००५ मध्ये रुजलं. आणि फुटाणा? तो दगडासारखा निर्जीव नाही, मेलेला आहे. लाकडी पाट, सुती फ्रॉक, शंख, कबुतराचं पीस, चामड्याची चप्पल हे सगळं या तिसऱ्या टोपलीत पडतं, कधीकाळी कुणाचा तरी भाग असलेलं. कार्यपत्रिकेत या टोपलीला जागाच नसते. मेलेलं फुलपाखरू हातात घेऊन आलेल्या मुलाला खरा प्रश्न मात्र तिथलाच पडलेला असतो.

दृष्टीआडच्या जिवांसाठी विरजण पुरे. एका वाटीत कोमट दूध आणि विरजण. दुसऱ्या वाटीतलं दूध विरजण घालून चांगलं उकळायचं. तिसरी वाटी कोमट दुधात विरजण घालून लगेच फ्रीजमध्ये. सकाळी पहिलीत दही असेल. दुसरीत दूध फाटेल किंवा तसंच राहील, पण दही लागणार नाही. तिसरीतलं दूध दूधच असेल. ही तिसरी वाटी ओट्यावर काढून ठेवा, पुन्हा पुन्हा बघायला मुलाला मोकळीक द्या आणि संध्याकाळी विचारा : फ्रीजमधले विरजणाचे जीव मेले होते का?